गरम हवेने जायचं कुठून?

इंजिन मरायच्या थोडं आधी तापमानाचा काटा खाली येतो. वर जात नाही, खाली येतो. ही गोष्ट मला कुठल्या पुस्तकात वाचायला मिळाली नाही. नाशिकच्या बाजूला एका रॅलीत, सर्व्हिसच्या ताडपत्रीवर गुडघे टेकून ती शिकावी लागली.

गाडी स्टेज संपवून आली ती पांढरी वाफ सोडतच. ड्रायव्हर पोरगेला होता. हेल्मेट काढता काढता म्हणाला, ‘मिस्त्री, काटा तर खाली होता. आधी लाल रेघेला टेकला, मग आपोआप उतरला. म्हटलं झाली थंड, म्हणून अजून दाबली.’ मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी बॉनेट उघडलं. रेडिएटरची जाळी दिसतच नव्हती. लाल चिखल तिच्यावर सारवल्यासारखा बसला होता आणि भाजून त्याला भेगा पडल्या होत्या. पाणी केव्हाच कॅपमधून उडून गेलं होतं. सेन्सर पाण्यात बुडालेला असतो तोवरच तो पाण्याचं तापमान सांगतो. पाणी गेलं की तो पोकळीत लोंबकळत राहतो आणि तिथे जे जाणवेल ते सांगतो. काटा खोटं बोलत नव्हता, फक्त पाण्याविषयी बोलत नव्हता.

दुसऱ्या दिवशी हेड उतरवून त्यावर सरळपट्टी ठेवली. फीलर गेजची ०.०५ मिलिमीटरची पाती जिथे अडायला हवी, तिथे ०.२० ची पाती लोण्यातून जावी तशी गेली. हेड वाकलं होतं, गॅस्केट दोन सिलिंडरांच्या मधोमध उडाली होती. त्या गाडीतला थर्मोस्टॅट वॉल्व काढून टाका, हा सल्ला माझा होता. ‘ज्याने हेड वाकवलंय तोच प्रस्तावना नीट लिहील,’ असं या पुस्तकाचे लेखक हसत म्हणाले, ते याच आठवणीवरून.

गाडी गरम होते म्हणजे काय, हे आधी आकड्यांत पाहू. पेट्रोलमधल्या उष्णतेच्या ढोबळमानाने तीन वाटण्या होतात: एक चाकांकडे जाते, एक सायलेन्सरमधून बाहेर पडते, आणि तिसरी इंजिनाच्या धातूत शिरून पाणी आणि ऑइलच्या गळ्यात पडते. १०० हॉर्सपॉवर म्हणजे सुमारे ७५ किलोवॉट. इंजिन तेवढी ताकद देत असतं तेव्हा पाण्याला सहज ५० किलोवॉट उष्णता उचलावी लागते. घरातला गीझर दोन किलोवॉटचा असतो. पंचवीस गीझर एका सुटकेसएवढ्या जागेत सतत चालू आहेत, आणि त्यांची सगळी ऊब बाहेर फेकायला आपल्याकडे पुढच्या बंपरामागची एक जाळी आहे. शहरातल्या गाडीवर हा प्रसंग क्वचित येतो, कारण तिथे पूर्ण थ्रॉटल काही सेकंदच असतो. रॅलीत तो पंधरा-वीस मिनिटं टिकतो, तोही दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये. म्हणजे इंजिन किंचाळतंय आणि समोरून येणारा वारा मात्र बेताचाच.

आता ही उष्णता जाते कशी? धातूतून पाण्यात, पाण्यातून रेडिएटरच्या पत्र्यात, पत्र्यातून हवेत. या साखळीत गॅरेजचं सगळं लक्ष पाण्यावर असतं, कारण पाणी दिसतं, गळतं, उकळतं आणि भाजतं. पण पाणी आपलं काम फार चांगलं करतं. मिनिटाला १०० लिटर पाणी फिरत असेल, तर ५० किलोवॉट वाहून नेताना ते रेडिएटरमध्ये जेमतेम सात अंशांनी थंड होतं. तितकीच उष्णता हवेने न्यायची, आणि हवेला ४० अंशांनी तापू द्यायचं म्हटलं, तर दर सेकंदाला एक घनमीटरहून जास्त हवा जाळीतून पार व्हायला हवी. लिटरला लिटर तोलून पाहिलं तर पाण्याची उष्णता वाहण्याची ताकद हवेच्या सुमारे साडेतीन हजार पट आहे. अडतं ते हवेपाशी. या पुस्तकातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर मी हे सांगेन: गरम होणाऱ्या गाडीत हवा आत कुठून येते हे सगळे विचारतात, बाहेर कुठून जाते हे कुणी विचारत नाही.

या विषयाचा इतिहास जवळपास मोटारीएवढाच जुना आहे. १८८८ मध्ये बेर्टा बेंझ नवऱ्याने बनवलेल्या मोटारीत मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला निघाली, तेव्हा त्या गाडीत रेडिएटर असा नव्हताच. पाणी उकळून उडून जायचं, आणि वाटेत मिळेल तिथे पुन्हा भरायचं. उष्णता नेण्याचं काम वाफच करत होती. १९०१ च्या मर्सिडीज ३५ एचपीसाठी विल्हेल्म मायबाखने मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसवला. त्यात ८०७० बारीक चौकोनी नळ्या होत्या. नळ्यांतून हवा जायची आणि त्यांच्या भोवतीच्या फटींतून पाणी. आजचा कुठलाही रेडिएटर त्याच कल्पनेचा नातू आहे. फोर्डच्या मॉडेल टीने तर बहुतेक आयुष्य पंपाशिवाय काढलं. गरम पाणी वर चढतं आणि थंड खाली उतरतं, एवढ्यावर लाखो गाड्या चालल्या. पुढे पंप आला, थर्मोस्टॅट आला, ग्लायकोल आलं, आणि आली झाकणातली स्प्रिंग.

त्या झाकणाचं महत्त्व मराठी स्वयंपाकघराला समजावून सांगायची गरज नाही. कुकरमध्ये डाळ लवकर का शिजते, तेच इथे उलट्या हेतूने वापरलंय. ०.९ बारची कॅप असेल तर समुद्रसपाटीला पाणी ११८ अंशांच्या आसपास उकळतं. खार्दुंग ला ५३५९ मीटरवर आहे, तिथे उघड्या भांड्यातलं पाणी ८३ अंशांच्या सुमाराला उकळायला लागतं. १९९९ मध्ये रेड डी हिमालय ही रॅली सुरू झाली, तेव्हापासून असल्या उंचीवर गाड्या पळवणाऱ्यांसाठी शंभर-दोनशे रुपयांची ती कॅप ही इंजिनातली सर्वांत किफायतशीर वस्तू ठरली आहे. तिचं रबर कडक झालंय का हे बघायला अर्धं मिनिट लागतं. आणि ती गरम असताना उघडायची नाही, हे मी पुन्हा लिहितो, कारण माझ्या डाव्या मनगटावर ते कायमचं लिहिलेलं आहे.

छोट्या गाडीचं दुखणं मात्र वेगळं आहे, आणि ते पाहायचं तर मिनीकडे जायला हवं. १९५९ मध्ये अॅलेक इसिगोनिसने इंजिन आडवं घातलं, गिअरबॉक्स त्याच्या पोटाखाली ऑइलच्या चेंबरमध्येच बसवला आणि दहा फुटांच्या गाडीत चार माणसं मावतील अशी जागा काढली. रेडिएटरला मात्र पुढे जागा उरली नाही. तो गेला डाव्या कुशीला. पंखा बॉनेटखालची हवा घेऊन त्याच्यातून ढकलायचा आणि ती चाकाच्या कमानीत सोडायचा. म्हणजे रेडिएटरला मिळणारी हवा आधीच इंजिनाजवळून तापून आलेली, आणि तिला बाहेर पडायची वाट जिथे चाक चिखल उडवत घुसळण करतंय तिथे. त्यात ऑइल एकच. गिअरचे दात ज्या ऑइलमध्ये घासतात, तेच क्रँकच्या बेअरिंगना जातं. एवढ्या अडचणी असूनही या गाडीने मॉन्टे कार्लो रॅली १९६४ मध्ये पॅडी हॉपकर्कच्या हाती जिंकली, १९६५ मध्ये टिमो मॅकिनेनच्या आणि १९६७ मध्ये राउनो आल्टोनेनच्या. मधल्या १९६६ साली दिव्यांच्या नियमावरून तिला बाद केलं, ती भानगड वेगळी. पण मॉन्टे कार्लो जानेवारीत, आल्प्सच्या बर्फात होते, हे विसरू नका. तिथे कुशीतला रेडिएटर चालून जातो. तीच गाडी उन्हाळ्यात डोंगर चढू लागली की मालक ऑइल कूलर, जादा रेडिएटर आणि जास्त पात्यांचे पंखे शोधत फिरायचे. कंपनीने रेडिएटर पुढे आणून विजेचा पंखा लावला तो १९९६ मध्ये. तोवर ३७ वर्षं गेली होती.

१९६३ च्या हिलमन इम्पने इंजिन आणि रेडिएटर दोन्ही मागे ठेवले. १९६५ च्या ट्युलिप रॅलीत रोझमेरी स्मिथने इम्प जिंकवलीही, पण ट्रॅकवर धावणाऱ्या इम्पवाल्यांनी बहुधा पहिलं काम केलं ते रेडिएटर उचलून पुढे नेण्याचं. फियाट ६०० वर आधारलेल्या अबार्थनेही तेच केलं, आणि मागचं झाकण कायम उघडं ठेवलं. ते उघडं झाकण पुढे त्या गाडीची ओळखच बनलं. बघणाऱ्याला तो रुबाब वाटतो. मुळात ती गरम हवेसाठी उघडी ठेवलेली खिडकी होती.

वाऱ्याची वाट कशी बांधावी, हे मात्र मोटारवाल्यांच्या आधी विमानवाल्यांना नीट उमगलं. १९३० च्या दशकात इंग्लंडमध्ये एफ. डब्ल्यू. मेरेडिथ यांनी दाखवून दिलं की हवा लहान तोंडातून घेऊन रुंदावत जाणाऱ्या बोळात सावकाश करायची, रेडिएटरमधून न्यायची आणि निमुळत्या बोळातून परत वेगाने सोडायची. असं केलं तर रेडिएटरचा अडथळा जवळजवळ फिटतो. पी-५१ मस्टँगच्या पोटाखालची ती पिशवी याच विचारातून आली. १९७० च्या लोटस ७२ ने रेडिएटर नाकातून काढून ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना नेले, आणि आजची रेसगाडी त्याच वाटेने चालते. आपल्या चिमुकल्या गाडीला यातून धक्का वगैरे काही मिळत नाही. पण तोंड लहान आणि पोट मोठं हा नियम तिलाही लागू आहे. ट्रॅकवरच्या वेगाला रेडिएटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं तोंड ढोबळमानाने पुरतं, मात्र कडा फोमने बंद हव्यात. हवा आळशी असते. जाळीतून घुसण्यापेक्षा बाजूच्या बोटभर फटीतून पळून जाणं तिला सोपं वाटतं.

या क्षेत्रात पंथ आहेत, आणि पंथांत भांडणंही आहेत. सगळ्यांत मोठा पंथ मोठ्या रेडिएटरवाल्यांचा. गरम होते? जाड कोर टाका. कधी कधी हे बरोबरही असतं. पण कोर जाड झाला की हवा त्यातून जायला आणखी कुरकुरते, आणि मागचे थर आधीच तापलेल्या हवेवर जगतात. दुसरा पंथ वाटवाल्यांचा. मी त्यातला आहे, हे वाचकाने एव्हाना ओळखलं असेल. तिसरा पंथ म्हणतो, उष्णता मुळात कमी तयार करा. टायमिंग मागे राहिलं, मिश्रण पातळ झालं, हेडमध्ये कार्बन साठला, तर कुठलाही रेडिएटर अपुराच. या पंथाचं कुणी ऐकत नाही, आणि निम्म्या वेळा तोच बरोबर असतो. चौथे ऑइलवाले. त्यांचं म्हणणं असं की पाणी ९० अंशांवर शांत दिसत असताना ऑइल १४० च्या पुढे गेलेलं असतं, आणि बेअरिंग पाण्याची वाट बघत बसत नाही. जादूच्या बाटल्या विकणाऱ्यांना मी पंथ म्हणत नाही.

आणि मग आम्ही, म्हणजे थर्मोस्टॅट काढणारे. आपल्याकडे जवळपास प्रत्येक गॅरेजमध्ये हा उपाय चालतो, म्हणून जरा थांबतो. वॉल्व काढला की पाणी मोकळं वाहतं, हे खरं. पण उघडा असतानाही वॉल्व थोडा अडवतो, आणि त्या अडवण्यामुळे पंप ब्लॉकमधला दाब वर ठेवतो. एक्झॉस्ट वॉल्वच्या आसपासच्या तापलेल्या कोपऱ्यात वाफेचे बुडबुडे धरू नयेत, याला हा दाब लागतो. शिवाय बऱ्याच इंजिनांत वॉल्व उघडताना आडवाटेचं भोक बंद करतो. वॉल्वच नसेल तर ते भोक कायम उघडं राहतं, आणि पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरचं तोंड न बघताच परत इंजिनात शिरतो. रेसमधले जुने लोक वॉल्व काढतात, पण त्या जागी हिशोबाने भोक पाडलेली चकती बसवतात. ती चकती मला तेव्हा माहीत नव्हती. ‘पाणी सावकाश फिरलं तर त्याला थंड व्हायला वेळ मिळतो’ हे मात्र साफ चुकीचं आहे. रेडिएटरमध्ये वेळ मिळतो तसाच इंजिनात तापायलाही मिळतो, आणि हिशोब तोट्यात जातो.

हे सगळं इंग्रजीत सापडतंच की, मग मराठीत कशाला? कारण इंग्रजी पुस्तकं थंड हवेत लिहिली आहेत. रेडिएटर किती उष्णता टाकेल हे पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी ९५ आणि हवा २० असेल तर फरक ७५. विदर्भातल्या मे महिन्यात हवा ४५ असते, आणि फरक उरतो ५०. तोच रेडिएटर, तीच गाडी, पण ताकद दोन तृतीयांश. बोरघाटात, कसाऱ्यात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या पद्मिनींची रांग ज्यांनी लहानपणी मागच्या सीटवरून पाहिली आहे, त्यांना हे गणित मांडून दाखवायला नको. इथल्या स्पर्धेचा संसारही वेगळा आहे: १९८० च्या हिमालयन रॅलीपासून सुरू झालेली मोठ्या रॅल्यांची हौस, १९८८ पासूनची राष्ट्रीय रॅली स्पर्धा, आणि या सगळ्यात मारुतीच्या छोट्या इंजिनांवर जगलेली एक अख्खी पिढी. आपल्याकडे धूळ पिठासारखी असते आणि चिखल सिमेंटसारखा. जाळी धुवायची ती इंजिनाच्या बाजूने बाहेर, पुढून मागे नव्हे, आणि प्रेशर वॉशर लांब धरून, नाहीतर पत्र्याच्या पाकळ्या मुडपून बसतात. रॅलीतला हा अर्धा धर्म आहे. उरलेला अर्धा म्हणजे स्टेज संपल्यावर इंजिन लगेच बंद न करणं. पंप थांबतो, पण धातूतली उष्णता थांबत नाही, आणि गाडी उभ्या जागी उकळते. काटा चढायला लागला की जुने ड्रायव्हर हीटर पूर्ण उघडतात. डॅशबोर्डमागचा तो वीतभर रेडिएटर चार-पाच किलोवॉट खेचून थेट ड्रायव्हरच्या पायांवर टाकतो. मे महिन्यात हे करणाऱ्याबद्दल मला आदर आहे.

नव्या वाचकांपैकी बरेचजण गॅरेजमधून नव्हे, इंजिनिअरिंग कॉलेजातून येणार आहेत. अमेरिकेत १९८१ मध्ये सुरू झालेली विद्यार्थ्यांची फॉर्म्युला स्पर्धा आता पुण्या-मुंबईच्या मुलांच्या अंगात भिनली आहे. चाकणला बनणाऱ्या केटीएम ३९० चं जुनं ३७३ सीसीचं इंजिन त्यांच्यात लाडकं. मोटारसायकलवर त्याचा रेडिएटर चाकामागे उघड्या वाऱ्यात लटकतो. मुलं तोच काढून कडेच्या पेटीत, सीटच्या मागे कोंबतात आणि मग विचारतात, कंपनीचाच आहे, गरम का होतो? त्यात स्पर्धेचा नियम असा की इंजिनात साधं पाणीच घालायचं, ग्लायकोल नाही, कसलंही रसायन नाही, कारण ते ट्रॅकवर सांडलं तर मागच्याचं चाक घसरतं. एका दृष्टीने हे बरंच. साधं पाणी ग्लायकोलच्या मिश्रणापेक्षा जास्त उष्णता नेतं. आणि ज्यांची गाडी विजेवर आहे त्यांनी हे पुस्तक खाली ठेवू नये. मोटर आणि बॅटरीचं पाणी ६० अंशांच्या वर जाऊ द्यायचं नसतं, म्हणजे ४५ च्या हवेशी फरक उरला १५. त्यांची वाट पेट्रोलवाल्यांपेक्षा अवघड आहे.

अशाच एका कॉलेजच्या शेडमध्ये मी लेखकांना पहिल्यांदा काम करताना पाहिलं. मुलांनी संगणकावर वाऱ्याचे रंगीबेरंगी नकाशे काढले होते. लेखकांनी कौतुकाने पाहिले, मग पिशवीतून गवंड्याची लेव्हल पाइप काढली. तीच, पारदर्शक, आत रंगीत पाणी. एक टोक रेडिएटरच्या पुढे चिकटवलं, दुसरं मागे, आणि मधला वाक ड्रायव्हरजवळ एका पट्टीवर. ताशी ६० किलोमीटरला समोरच्या वाऱ्याचा सगळा दाब मोजला तर तो पाण्याच्या १७ मिलिमीटर उंचीएवढा भरतो. आपल्याकडे भांडवल एवढंच. गाडी मोकळ्या रस्त्यावर नेली, वेग धरला, आणि दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक दिसला तीन मिलिमीटर. मुलांना वाटलं पाइप गळतेय. पाइप ठीक होती. पेटीच्या मागच्या बाजूला हवेला जायला भोकच नव्हतं, त्यामुळे पुढे जितका दाब, जवळपास तितकाच मागे. मुलांनी मागचा पत्रा कापला, आणि पाणी हललं.

हे पुस्तक त्या पाइपच्या वळणाचं आहे. ते गणित टाळत नाही, पण प्रत्येक गणितासोबत शेडमध्ये, दोनशे-तीनशे रुपयांत करून बघता येईल अशी एक चाचणी देतं. रेडिएटर कुठला विकत घ्यावा हे ते सांगत नाही, आणि ते बरंच झालं. टर्बो गाड्यांवर ते थोडक्यात आटपतं. हवेने थंड होणाऱ्या इंजिनांवर मात्र, लेखकांच्या जुन्या प्रेमापोटी, गरजेपेक्षा जरा जास्त रेंगाळतं. शब्द गॅरेजचेच ठेवले आहेत: वॉटर बॉडी, होज, हेड फेसिंग, एअर लॉक. त्यांना संस्कृत कपडे घालायचा मोह टाळलाय.

एका ठिकाणी माझं त्यांच्याशी जमत नाही. बॉनेटच्या बिजागरीखाली वॉशर घालून त्याची मागची कड बोटभर उचलायची, ही आपल्याकडची आवडती युक्ती. त्यांनी तिला बरीच सौम्य वागणूक दिली आहे. माझं म्हणणं, गाडी उभी असताना तिथून गरम हवा निघते, पण वेग आला की काचेच्या बुडाशी वाऱ्याचा दाब साचतो आणि बाहेरची हवा तिथूनच आत घुसते. म्हणजे दार केलं जायला, आणि पाहुणा उलटा आत. ते म्हणतात, रॅलीत तेवढा वेग असतोच कुठे? यावर दोन संध्याकाळी आणि बराच चहा खर्च झालाय. पावसाळा संपला की त्यांची गाडी, माझं ड्रायव्हिंग, आणि बॉनेटच्या मागच्या कडेला चिकटवलेले लोकरीचे धागे, असं ठरलंय. धागे मी आणणार आहे. लेव्हल पाइप त्यांनी विसरू नये.